‘करणे’चे राज्य

मातृभाषेच्या प्रदेशापासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या भाषेविषयी बोलताना आपण बहुधा शब्दांचा हिशेब मांडतो. मुलाला किती मराठी शब्द येतात, किती ठिकाणी त्याने इंग्रजी शब्द योजला, आजीशी बोलताना तो किती वेळा अडला, अशी ती मोजदाद असते. परंतु शब्द ही एकजिनसी रास नाही. भाषेतून नाम निसटणे आणि क्रियापद निसटणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि परिणामही वेगळे. बंगळूरला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यावर काही मराठी कुटुंबांच्या आग्रहावरून रविवारी सकाळी त्यांच्या मुलांना खेळांतून क्रियापदे शिकवण्याचे काम मी पत्करले. विद्यापीठात शिकवताना जो भेद मला व्याकरणातील एक प्रकरण वाटत असे, तो या मुलांमुळे जिवंत प्रश्न होऊन माझ्यासमोर उभा राहिला.

बंगळूरचा मराठीशी संबंध आजकालचा नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील वीस लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचे नोंदवले आहे. त्यांतील पुष्कळसे सीमेलगतच्या जिल्ह्यांतले. पण खुद्द बंगळूरची मराठी वस्तीही थराथरांची आहे. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली, ज्यांच्या मराठीत कन्नड मुरून गेले आहे. काही सरकारी कारखान्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने आलेली. आणि बरीचशी गेल्या दोन-तीन दशकांत संगणक-व्यवसायाने आणलेली. मल्लेश्वरमच्या एका जुन्या घराच्या व्हरांड्यात जमणारी माझी मुले मुख्यतः या शेवटच्या थरातील होती. वय सहा ते दहा. शाळेत इंग्रजी, मैदानात कन्नड आणि हिंदी, घरी मराठी असा त्यांचा दिनक्रम.

पहिल्याच दिवशी ध्यानात आले की नामांच्या बाबतीत ही मुले मुळीच दरिद्री नाहीत. पोळी, भाकरी, लाटणे, उशी, चादर, अंगण, पायरी हे सारे शब्द त्यांना ठाऊक होते. विळी कधी न पाहिलेल्या मुलालाही चित्रावरून विळी ओळखता आली. मात्र ‘आई काय करते आहे?’ असे विचारताच उत्तरे येत ती अशी : ‘भाजी कट करतेय’, ‘तांदूळ वॉश करतेय’, ‘चादर फोल्ड करतेय’, ‘डाळ मिक्स करतेय’. वाक्याचे व्याकरण निर्दोष. काळ बरोबर, लिंग बरोबर, वचन बरोबर. फक्त चिरणे, धुणे, घडी घालणे, ढवळणे यांच्या जागा रिकाम्या होऊन तेथे एकटे ‘करणे’ विराजमान झालेले. प्रत्यक्ष काम इंग्रजी शब्द करतो आणि सहीपुरते ‘करणे’ येते, अशी ती व्यवस्था होती.

‘करणे’वर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. परभाषेतील शब्दाला घरात घेण्याचा हा दरवाजा मराठीत फार जुना आहे. स्नान करणे, प्रयत्न करणे संस्कृतातून आले. सुरू करणे, कबूल करणे, माफ करणे फारसीतून. त्यांनी मराठी बुडवली नाही, उलट ती संपन्न झाली. शिवाय त्या काळी दुसराही एक दरवाजा उघडा होता. बदल, खर्च, फर्मान अशा पाहुण्या नामांना मराठीने थेट आपले प्रत्यय लावले आणि बदलणे, खर्चणे, फर्मावणे ही क्रियापदे घडवली. आज हा दुसरा दरवाजा जवळजवळ बंद झाला आहे आणि पहिल्यातून आत येणारे शब्द नव्या कल्पना घेऊन येत नाहीत. चिरणे, धुणे, उघडणे, ढकलणे अशा हातापायांच्या नित्याच्या क्रियांवरच ते येऊन बसतात. माझी चिंता शब्दाच्या कुळाविषयी नव्हती. भाषेचा जो भाग शरीराला सर्वांत जवळचा, तोच प्रथम परका होत आहे, याविषयी ती होती.

नाम आणि क्रियापद यांच्यातला हा भेद आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला आहे. नामात सत्त्व, म्हणजे सिद्ध वस्तू, प्रधान असते आणि आख्यातात भाव, म्हणजे घडत असलेली क्रिया, प्रधान असते, असा विचार यास्काच्या निरुक्तात आहे. सर्व नामे धातूंपासूनच निघाली, हे शाकटायनाचे मतही तेथे नोंदवले आहे आणि त्याला गार्ग्याने घेतलेला आक्षेपही. आधुनिक बालभाषाभ्यासात हाच वाद वेगळ्या वेषात आढळतो. मुले आधी नामे शिकतात, कारण वस्तू डोळ्यांपुढे स्थिर असतात, असे डेड्रे गेंटनर या विदुषीने १९८२ साली मांडले. पुढे १९९६ साली ट्वायला टार्डिफ यांना मँडारिन बोलणाऱ्या मुलांच्या बोलण्यात क्रियापदे नामांच्या बरोबरीने, किंबहुना अधिकही आढळली. ज्या भाषेत कर्ता-कर्म गाळून नुसत्या क्रियापदावर वाक्य उभे राहते, त्या भाषेतील मुलाच्या कानावर क्रियापदे अधिक पडतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. मराठीही या बाबतीत उदार आहे. ‘जेवलास?’, ‘पडलीस?’, ‘येतेस?’ ही एकेका शब्दाची पूर्ण वाक्ये होत. ‘लंच केलंस?’ असे विचारणाऱ्या घरात हा लाभ मुलाला मिळत नाही.

वस्तू बोटाने दाखवता येते, क्रिया दाखवता येत नाही. ती करावी लागते. भिंतीवरच्या तक्त्यावरून नामे शिकवता येतात, पण धावणाऱ्या मुलाचे चित्र हे शेवटी थांबलेल्याच मुलाचे चित्र असते. आज्ञा ऐकायची आणि शरीराने तिला उत्तर द्यायचे, या तत्त्वावर जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात परभाषाशिक्षणाची एक पद्धती उभारली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणातच जे शिक्षण नेले, त्यातही हालचाल, अभिनय आणि गाणे यांना मानाचे स्थान होते. मी काही नवी पद्धती शोधली नाही. मराठी मुलांचे जुनेच खेळ घेतले आणि त्यांत क्रियापदे पेरली.

पहिला खेळ ‘शिवाजी म्हणतो’. शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावात हा खेळ खेळताना मला मौज वाटे, पण मुलांना त्याचे काही नव्हते. ‘शिवाजी म्हणतो, उडी मारा’ म्हटले तर उडी मारायची. नुसते ‘उडी मारा’ म्हटले तर स्वस्थ उभे राहायचे. बस, ऊठ, वाक, वळ, रांग, सरक, लोळ अशा एकवचनी आज्ञांपासून मी आरंभ केला, कारण मराठीत आज्ञार्थाचे द्वितीयपुरुषी एकवचन म्हणजे धातूच होय. व्याकरणाचे नाव न घेता मुलाच्या हाती क्रियापदाचे बीज येते. मग वाक्ये लांबवली आणि एक गंमत उमगली. ‘सायमन सेज’ या इंग्रजी खेळात क्रियापद आरंभीच येते, त्यामुळे मूल ते ऐकताच हलते. मराठीत ते शेवटी येते. ‘शिवाजी म्हणतो, दोन्ही हात डोक्यावर’ एवढे ऐकून उतावळ्या मुलांचे हात वर जात, आणि मी शेवटी म्हणे, ‘ठेवू नका’. ‘उजव्या हाताने डावा कान’ म्हटल्यावर तो धरायचा, ओढायचा, चोळायचा की झाकायचा हे शेवटच्या शब्दाखेरीज कळत नाही. दोन-तीन रविवारांत मुले शेवटच्या शब्दाची वाट पाहू लागली. क्रियापदाची वाट पाहणे ही मराठी ऐकण्याची पहिली शिस्त आहे. ती त्यांना खेळाने लावली.

दुसरा खेळ मूकाभिनयाचा. चिठ्ठीवरचे क्रियापद एकाने करून दाखवायचे, इतरांनी ओळखायचे. खुडणे, झटकणे, डोकावणे, चाचपणे, गुंडाळणे यांच्या चिठ्ठ्या मी केल्या होत्या. एकदा थोपटणे, गोंजारणे, कुरवाळणे आणि चापट मारणे या चार चिठ्ठ्या एकत्र आल्या. एका मुलाने मोठ्या उत्साहाने मित्राच्या पाठीवर हात मारला आणि उत्तरांवरून भांडण जुंपले. मग थोपटताना हात उचलला जातो, गोंजारताना तो फिरतो, कुरवाळताना रेंगाळतो, हा फरक मुलांनी एकमेकांच्या पाठींवर आणि व्हरांड्यात आलेल्या मांजरावर करून पाहिला. कोशात हा फरक दोन-तीन ओळींत मिळतो. मात्र ज्याला आईने थोपटून निजवले आहे आणि त्या क्रियेचे नाव मात्र कधी कानावर पडलेले नाही, त्या मुलाला ते नाव सापडताना पाहणे ही वेगळीच गोष्ट होती.

या खेळाचा दुसरा भाग ‘काय केले?’ असा होता आणि तेथे व्याकरणाची गाठ पडे. ‘मी आंबा खाल्ली’, सात वर्षांची एक मुलगी ठामपणे म्हणाली. तिचा तर्क बिनचूक होता. ती मुलगी, म्हणून ‘खाल्ली’. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जाते आणि इंग्रजीत लिंगाचा प्रश्नच नसतो. मराठीच्या कर्मणि प्रयोगात मात्र खाणारी बाजूला राहते आणि क्रियापद आंब्याशी सूत जुळवते. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. त्यातही पुन्हा ‘मुलगी पाणी प्याली’ म्हणताना ते कर्त्याकडे परतते. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांचा केवढा तरी ऊहापोह केला आहे, तो सात वर्षांच्या मुलीला सांगण्यात अर्थ नव्हता. मी टोपलीत खोटी फळे ठेवली आणि जो जे उचलील त्याने त्याप्रमाणे बोलावे असा नियम केला. तिने आंबा उचलून पुन्हा ‘खाल्ली’ म्हटले की सारी मुले आंब्याची बाजू घेऊन ओरडत, ‘आंबा रागावला!’

तौलनिक अभ्यासाची सवय जाता जात नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षे शेजारी नांदल्यावर त्यांचे काय झाले, यावर गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा लेख प्रसिद्ध आहे. तेथे तिन्ही भाषांनी आपापले शब्द राखले; वाक्यांची घडण मात्र इतकी एकसारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. माझ्या व्हरांड्यात नेमके उलटे चित्र होते. घडण मराठीच राहिली होती आणि शब्द निघून गेले होते. कुपवाडला माणसे एकमेकांशी रोज बोलत होती, व्यवहार करत होती, आणि त्या घसटीतून व्याकरणे जवळ आली. येथे इंग्रजी शेजारच्या घरातून आलेली नाही. ती शाळेतून आणि पडद्यावरून थेट स्वयंपाकघरात उतरली आहे. ही अवस्था केवळ मराठीची नव्हे, हे मला त्या घराच्या मालकीणबाईंनी शिकवले. त्या कन्नड, मुले त्यांना अज्जी म्हणत.

एके दिवशी वस्त्रांचा खेळ चालला होता. साडी नेसतात, सदरा घालतात, चादर पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. या सर्वांना मुलांकडे ‘वेअर करणे’ एवढा एकच उपाय होता. दाराशी बसून ऐकणाऱ्या अज्जींनी मध्येच बोट वर केले आणि एकेका वस्तूसाठी कन्नड शब्द सांगू लागल्या. साडीला ‘उडु’, दागिन्याला ‘तोडु’, फुलांना ‘मुडि’, पांघरुणाला ‘होदे’, आणि सदऱ्याला आमच्या ‘घालणे’सारखाच सर्वसंग्राहक ‘हाकु’. दोन भाषांची कुळे निराळी, धातू निराळे. पण डोक्यातले फूल आणि अंगावरचे लुगडे या दोन गोष्टी शरीराशी निरनिराळे नाते जोडतात, हे दोघींनीही सारखेच जाणले होते. अज्जी हसून म्हणाल्या, आमच्याही नातवंडांचे आता सारे ‘माडु’वर चालते. ‘माडु’ म्हणजे ‘करणे’. या शहराचे जणू बोधवाक्य होऊन बसलेले ‘स्वल्प अॅडजस्ट माडि’ त्याच टाकसाळीतले. त्या दिवशी मुलांनी रस्त्यावरच्या फूलवालीकडून मोगरा घेतला. तिने तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून एक ‘मोळ’ म्हणून दिला. मुलांनी तो मोजला, तोडला, वाटला, माळला. एका हातभर माळेत चार क्रियापदे गेली आणि ती दोन्ही भाषांत गेली.

तिसरा खेळ एकाच क्रियापदाचा. ‘घालणे’ घ्यायचे आणि ज्याला सुचेल त्याने नाम जोडायचे : पाणी घालणे, वेणी घालणे, शीळ घालणे, फुगडी घालणे, लंगडी घालणे, अंडी घालणे, आंघोळ घालणे, जेवायला घालणे, वाद घालणे. ‘काढणे’ला चित्र, आठवण, खोडी, तिकीट, उठाबशा आणि दिवसही चालतात. एका चतुर मुलाने विचारले, ‘काका, मग घालणे म्हणजे पण करणेच ना?’ प्रश्न मार्मिक होता. फरक एवढाच की ‘घालणे’ सर्वांशी मैत्री करत नाही. शीळ घालतात, हाक मारतात, आळस देतात, जांभई देतात. असे का, याला नियम नाही. माणसांत राहूनच ते कळते. ‘करणे’ला मात्र कोणाची ओळख लागत नाही. ज्याला कोणाची ओळख लागत नाही, त्याच्यामुळे भाषेची ओळखही होत नाही.

पालकांपैकी एका गृहस्थांनी निराळा आक्षेप घेतला आणि तो मला अद्याप सतावतो. ‘पाखडणे, कांडणे, घुसळणे ही कामेच आता घरात राहिली नाहीत. मिक्सरचे बटण दाबले की झाले. मग या मृत क्रियांची नावे मुलांनी कशाला पाठ करायची?’ आक्षेपात तथ्य आहे. क्रिया गेली की क्रियापद जाणारच, आणि जात्यावर बाईने पुन्हा बसावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तरीही क्रियापद आपल्या मूळ कामापेक्षा अधिक जगते. सूप न पाहिलेला माणूसही रागावून आग पाखडतो. जाते न ओढलेला वक्ता तेच दळण दळत बसतो. मूळ क्रिया अगदीच अनोळखी झाली की हे वाक्प्रचार नुसते आवाज उरतात. आणि साहित्याचा एक मोठा ठेवा तर क्रियापदांतूनच उपजला आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांनी ग्रामीण स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या दळण्याच्या क्रियेला लगडून आलेल्या होत्या. ‘दळणे’ हा शब्द ज्याच्या हातांना काहीच सांगत नाही, त्याला त्या ओव्यांची लय कानाने कळेल, दंडाने कळणार नाही. म्हणून मी मुलांना सूप हाती देऊन मूठभर तांदूळ पाखडायला लावले. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले आणि मग ‘वेचणे’ आपोआप शिकवून झाले.

दुसरी शंका गोंधळाची. इतक्या भाषांत मूल कोठलेच धड राहणार नाही, अशी भीती आयांना वाटते. कर्नाटकाइतके तिचे निराकरण दुसरीकडे क्वचितच मिळेल. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, १९८३ च्या मास्ती वेंकटेश अय्यंगारांची तमिळ आणि १९९८ च्या गिरीश कार्नाडांची कोंकणी. तिघेही कन्नडचे मोठे लेखक. घरच्या भाषेने त्यांची वाट अडवली नाही. मूल गोंधळते ते भाषा पुष्कळ असल्याने नव्हे. प्रत्येक भाषा त्याला थोडी थोडी, वरवरची मिळाली तर ते निश्चित दुबळे होते.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ सालीच मिळाला होता. आनंदाचीच गोष्ट आहे. पण दर्जा हे नाम आहे, आणि भाषा चालते ती क्रियापदांवर. वर्षअखेरीस माझ्या मुलांना नवी क्रियापदे किती आली, याची मी मोजदाद केली नाही. एक प्रसंग मात्र नोंदवून ठेवला. तीच आंब्याची मुलगी भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र दाखवत मैत्रिणीला म्हणाली, ‘थांब, मी फोटो झूमवला, आता बघ.’ तिची आई शुद्ध मराठी बोल म्हणून दटावू लागली. मी आईंना थांबवले. त्या एका शब्दात परक्या नामाला धातू केले होते, त्याला प्रयोजकाचा ‘व’ लावला होता, आणि बोलणारी मुलगी असूनही क्रियापद फोटोशी पुल्लिंगी जुळले होते. फर्मावणे ज्या रीतीने घडले त्याच रीतीने ‘झूमवणे’ घडले होते. बंद वाटणारा तो दुसरा दरवाजा एका पोरीने सहज ढकलला होता. हा शब्द टिकेल की नाही हे सांगता येत नाही, आणि टिकलाच पाहिजे असेही नाही.

मराठी मुलांच्या खेळांत ‘राज्य’ या शब्दाचा अर्थ मोठा उद्‌बोधक आहे. ज्याच्यावर राज्य येते त्याला इतरांमागे धावावे लागते, आणि कोणाला तरी शिवले की त्याचे राज्य उतरते. ‘करणे’वर आज राज्य आले आहे. त्याला शिवायला पुरेसे खेळगडी अंगणात असले पाहिजेत, एवढेच काम त्या व्हरांड्यात रविवारी चालते.